फक्त गाडीकरिता

"पाना दे. लहान नाही, मोठा." जीपखालून गोपूचा हात बाहेर आला.

आशाने त्या हातावर पाना ठेवला. "मघाशी मोठाच देल्ला व्हता. तुह्या हातात गेला का तो लहाना होऊन जाते."

"नत्थुजी, तुमची पोरगी मला काम करू देत नाही."

एरवी नत्थुजी यावर हसले असते. आज ते हसले नाहीत. बॉनेट उघडं टाकून ते पेट्रोलच्या पंपाभोवती ओलं फडकं गुंडाळत होते. मे महिन्याच्या उन्हात पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि गाडी मध्येच बंद पडते, म्हणून हे फडकं.

धामणखेडच्या दवाखान्याची ही जीप लष्कराच्या लिलावातून आलेली. मृग लागला की इथली काळी माती बैलाचाही पाय सोडत नाही. मग आजाऱ्यापर्यंत औषध जायचं ते या जीपनेच. म्हणून दरवर्षी रोहिणी नक्षत्राच्या आत चालक नत्थुजी गाडीची सगळी तयारी करायचे. स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस, इंजिनाला नवं तेल, हवेच्या गाळणीतली उन्हाळाभराची धूळ बाहेर, आणि छताच्या कापडाला मेण घातलेलं जवसाचं तेल. या सुट्टीत गोपू आणि आशा त्यांच्या हाताखाली होती.

गोपू डॉक्टरांचा मुलगा, आशा नत्थुजींची मुलगी. दोघंही तेरा वर्षांची, दोघांनाही स्वतःचंच खरं वाटायचं.

तिसरी रमा. ती पायरीवर मांडीत ग्रीसचा डबा घेऊन बसली होती. गोपूच्या आत्याची ही मुलगी अमरावतीहून, राजापेठेतून, सुट्टीसाठी मामाकडे आली होती. माघात तिची आई गेली. तेव्हापासून रमा रडली नव्हती, आणि हसलीही नव्हती. सांगितलेलं काम करायची, वाढलेलं जेवायची. मामी विचारायची, "आवडलं का गं?" रमा म्हणायची, "हो." पुरणपोळीलाही हो आणि ज्वारीच्या भाकरीलाही हो.

"आता पानी काढू," असं म्हणून नत्थुजींनी रेडिएटरची खालची तोटी उघडली.

तांबडं गढूळ पाणी घमेल्यात पडलं. त्याबरोबर पांढऱ्या खपल्या आल्या, एकामागून एक. नत्थुजींनी एक खपली बोटांत धरून चुरली आणि ते तिथेच खाली बसले.

"बाबा, काय झालं?"

"हे खाऱ्या पान्याचं पापुद्रं हाय. नळ्या भरून गेल्या याच्यानं. म्हनून गाडी उकळून राहिली."

"मग खारं पाणी कशाला घातलं?" गोपू जीपखालून बाहेर आला.

"म्या नाई टाकलं," नत्थुजी हळूच म्हणाले. "पन आता कोन आयकते?"

ते उठून विहिरीवर हात धुवायला गेले. आशा त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

"शनिवारी भगवंतराव येऊन राहिले अकोल्याहून," ती म्हणाली. "बाबाकून किल्ली घेतीन. मंग आमाले दवाखान्याचं हे घर बी सोडा लागीन. आज गुरुवार."

गोपूला ठाऊक होतं. आठ दिवसांपूर्वी एका बाळंतिणीला अकोल्याला नेताना जीप वाटेत तीनदा उकळली. शेवटी तिला बैलगाडीने न्यावं लागलं. ती वाचली, पण दवाखान्याच्या संस्थेचे कारभारी भगवंतराव यांचं पत्र आलं. चालक निष्काळजी आहे, पाण्याशिवाय गाडी हाकतो, असं त्यात लिहिलं होतं. नत्थुजींना मात्र कोणी काहीच विचारलं नव्हतं. गोपूच्या बाबांनीही नाही.

"पण गाडीचं पाणी तर हिवरखेडचं असतं," रमा म्हणाली.

दोघंही तिच्याकडे वळली. सकाळपासूनचं तिचं हे पहिलं वाक्य होतं.

तिचं खरं होतं. धामणखेड खारपाणपट्ट्यातलं. इथल्या विहिरींच्या पाण्यात डाळ शिजत नाही की साबणाला फेस येत नाही. हिवरखेड सातपुड्याच्या पायथ्याशी, तिथलं पाणी गोड. दर सोमवारी जीप तिकडे जायची आणि येताना दोन डबे भरून आणायची. डब्यांवर भगवंतरावांच्या हुकमावरून लाल रंगात लिहिलेलं होतं, 'गोडे पाणी. फक्त गाडीकरिता.' डबे दवाखान्याच्या मागच्या पडवीत ठेवलेले असत.

तिघं पडवीत गेली. गोपूने डब्यातलं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि लगेच थुंकलं.

"खारट आहे."

आशाने प्यायलं. "काई खारं नाई. पान्यासारखं पानी हाय."

"तू जन्मापासून खारंच पितेस. तुला काय कळणार?"

"अन् तू मोठा गंगेवरून आला. रमा, तू सांग."

रमाने घोट घेतला, थोडा वेळ तोंडात धरला. "मला कळत नाही," ती म्हणाली. "मला कशातलंच कळत नाही."

तिने ओले हात पुसले.

मग रमानेच विचारलं, "जीपचं बॉनेट किती तापलंय?"

"पापड भाजून निघेल. का?" गोपू म्हणाला.

"आमच्याकडे बंबाला आतून असंच पांढरं धरायचं. आई म्हणायची, पाणी जातं आणि मीठ मागे राहतं. थेंब टाकून बघू. जिभेवर कशाला सोडायचं?"

गोपूने दवाखान्यातून इंजेक्शनच्या शुद्ध पाण्याची उघडलेली बाटली आणली, आशाने विहिरीचं पाणी. रमाने काडीने तीन थेंब बॉनेटवर सोडले. एक बाटलीतला, एक विहिरीचा, एक डब्यातला. थेंब बघता बघता आटले. बाटलीतला थेंब होता तिथे काहीच उरलं नाही. बाकी दोन ठिकाणी पांढरी वर्तुळं राहिली, अगदी सारखी.

"म्हणजे डब्यात विहिरीचं पाणी आहे," गोपू म्हणाला. "कोणीतरी बदललं."

"मंग गोडं कुठं गेलं?" आशाने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिघं गावभर फिरली. औषधाच्या रिकाम्या बाटल्या घेऊन ती दारोदारी पाणी मागत होती. पाटलांच्या आजीने विचारलं, "काहून रे पोट्टेहो, तुमच्या घरी पानी नाई का?" गोपू म्हणाला, "शाळेचा अभ्यास आहे." आजी म्हणाली, "शाळेत आता पानी शिकवतेत. पुढच्या साली हवा शिकवतीन."

दुपारी अंगणात पत्र्याचा मोठा तुकडा ठेवून रमाने त्यावर खडूने नावं लिहिली आणि प्रत्येक नावापुढे थेंब टाकला. पाटील, मारुतीचं देऊळ, सुतार, पोस्ट. सगळीकडे पांढरी वर्तुळं उमटली.

एकाच नावापुढे काही उमटलं नाही. रमाने पुन्हा थेंब टाकला. पुन्हा पत्रा कोराच राहिला.

तिथे लिहिलं होतं, 'दुर्गाबाईची पाणपोई'.

"नाई," आशा म्हणाली. "दुर्गाबाई असं कराची नाई."

दुर्गाबाई दवाखान्यात झाडलोट करायच्या. चैत्र पाडव्यापासून मृगापर्यंत समोरच्या निंबाखाली त्यांची पाणपोई असायची. दोन रांजण, त्यांवर ओलं फडकं, पितळी ओगराळं. सकाळी अंघोळ करून, रांजणाला हळदकुंकू लावून, पहिलं ओगराळं वाटसरूला दिल्याशिवाय त्या तोंडात काही घालत नसत. अकोटकडून येणारे गाडीवाले मुद्दाम इथे बैल सोडायचे.

तिघं जाऊन निंबाखाली उभी राहिली.

"या बाप्पा. पानी देऊ?"

"दुर्गाबाई," रमा म्हणाली, "हे पाणी गाडीच्या डब्यातलं आहे ना?"

तिच्या आवाजात राग नव्हता. दुर्गाबाईंनी ओगराळं खाली ठेवलं.

"हाव," त्या म्हणाल्या. "पन म्या चोरी नाई केली, पोरी. जेवढं घेतलं तेवढं विहिरीचं भरून ठेवलं. डबा कधी रिकामा नाई ठेवला."

"पण का?"

"माहा मालक याच रस्त्यानं येऊन राहिला व्हता, वैशाखात. उन्हानं पडला. कोनंतरी पानी देल्लं, पन खारं. त्यानं घोट घेतला अन् थुकून टाकला. तो गेला." त्या रांजणाकडे बघत होत्या. "मंग म्या नेम केला, इथून कोनी खाऱ्या तोंडानं जानार नाई. बारा साल दोन कोसावरून, पूर्णेच्या वाळूतल्या झिऱ्याचं पानी आनलं डोक्यावर. औंदा गुडघे गेले. अन् इथं दोन डबे गोडं पानी. म्या म्हनलं, मशीनले काय जीभ हाय? मानसाले हाय."

मग रमाने पांढऱ्या खपल्यांचं सांगितलं. उकळलेल्या गाडीचं, बाळंतिणीचं, शनिवारचं. एकेक करून, धडा वाचावा तसं.

दुर्गाबाई ऐकत गेल्या. शेवटी त्यांनी पदराने हात पुसले आणि तडक जीपपाशी आल्या.

"नत्थुजी, तुह्या गाडीचं पानी म्या बदललं."

नत्थुजींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "मले मांगतलं असतं तं..."

"तुले नाई म्हनाव लागलं असतं. डब्यावर लिहेल हाय."

नत्थुजींनी पडवीकडे पाहिलं. "ते बी खरं हाय," ते म्हणाले. "असू द्या. तुमचं नाव नाई येनार. माह्यावरच राहू द्या."

"बाबा!" आशा ओरडली.

"म्हाताऱ्या बाईचं काम घालवू का मंग?"

"नाव सांगायचंच नाही," रमा म्हणाली. "पाणी आहे ना, तेच सांगेल. पण आधी गाडी नीट व्हायला हवी. मामीकडे चिंच आहे?"

"चिंच?" गोपू म्हणाला.

"बंबाचं पांढरं आई चिंचेनं काढायची."

नत्थुजींनी मान हलवली. "निंगन. हाव, निंगन त्यानं."

मामीने बरणीतली सगळी चिंच दिली. कोळ फडक्याने गाळून रेडिएटरमध्ये भरला, इंजिन चालू ठेवलं, तोटी उघडली. काळपट पाणी आलं, खपल्या आल्या. पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. संध्याकाळपर्यंत चार वेळा. पाचव्या वेळी तोटीतून पाण्याची सरळ, जाड धार पडली.

शेवटी भरायला गोडं पाणी हवं होतं, आणि ते एकाच ठिकाणी होतं. दुर्गाबाईंनी स्वतःच रांजण उपसून कळशी आणली.

"तुमचा नेम?" आशाने विचारलं.

"नेम माहा हाय. त्याच्यासाठी तुह्या बापाचं घर कायले जाव?" त्यांनी कळशी ओतली. दुसऱ्या रांजणात थोडं राहिलं होतं, ते त्यांनी झाकून ठेवलं.

शनिवारी सकाळी दहाला भगवंतराव आले. टोपी काढून त्यांनी घाम पुसला आणि व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसले. डॉक्टर शेजारी उभे होते, नत्थुजी किल्ली हातात घेऊन खाली.

रमा ताटात दोन पेले घेऊन आली.

भगवंतरावांनी पहिला पेला उचलला, मोठा घोट घेतला आणि तो तोंडात धरूनच उठून बाहेर थुंकले. "हे काय पाणी आहे?"

"गाडीच्या डब्यातलं," रमा म्हणाली. "गोडं पाणी, फक्त गाडीकरिता. दोन महिने नत्थुजी हेच घालत होते. त्यांना माहीत नव्हतं."

भगवंतरावांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "मलाही माहीत नव्हतं. मी विचारलं नाही, चुकलंच माझं." गोपूने पत्रा पुढे आणला, घमेल्यातल्या खपल्या दाखवल्या, थेंबांचं सगळं सांगितलं. बोलता बोलता तो दोनदा अडखळला, आणि दोन्ही वेळा आशाने त्याला पुढचं सांगितलं.

"पण बदललं कोणी?"

गोपू पत्रा उचलून भिंतीला लावू लागला.

"म्या," दुर्गाबाई खांबामागून पुढे आल्या. "साहेब, आधी दुसरा पेला पिऊन घ्या, माह्या रांजणातला. मंग काय शिक्षा द्याची ते द्या."

भगवंतरावांनी तो प्यायला, तळापर्यंत. मग पेला हातात तसाच धरून ते समोर बघत राहिले. पाणपोईपाशी एक बाई कडेवरच्या मुलाला घेऊन उभी होती. रांजणात वाकून पाहत होती. रांजण रिकामा होता.

"दवाखान्यातले आजारी कोणतं पाणी पितात?" त्यांनी विचारलं.

"विहिरीचं," डॉक्टर म्हणाले. "गोडं पाणी फक्त गाडीकरिता, असा आपला हुकूम आहे."

भगवंतरावांनी पेला ताटात ठेवला. खाली उतरून त्यांनी नत्थुजींना जीप चालू करायला सांगितली आणि शेजारी जाऊन बसले. भर उन्हात जीप नदीपर्यंत गेली, वाळूतून फिरली, परत आली. नत्थुजींनी रेडिएटरचं झाकण उघडलं. उकळी नव्हती, पाणी होतं तेवढंच होतं.

"किल्ली तुमच्याकडेच ठेवा, नत्थुजी," भगवंतराव म्हणाले. "पत्र मी परत घेतो. घाईत लिहिलं होतं. आणि सोमवारी दोन नाही, सहा डबे न्या. दोन गाडीचे, दोन आजाऱ्यांचे, दोन दुर्गाबाईंच्या रांजणाचे. कुणाचे कोणते, ते बाईंनाच ठरवू द्या." मग ते मुलांकडे वळले. "आम्हा मोठ्यांना जे साधं विचारायचं सुचलं नाही, ते तुम्ही शोधून काढलंत. शाबास. त्या थेंबांची युक्ती कोणाची?"

गोपूने आणि आशाने एकदमच रमाकडे बोट दाखवलं.

"माझी नाही," रमा म्हणाली. "आईची."

त्या संध्याकाळी दुर्गाबाईंचे रांजण भरायला गोपू आणि आशा कावड घेऊन नदीच्या झिऱ्यावर गेली. कावड कोणी धरायची यावर जाताना भांडली आणि येतानाही.

सोमवारी सहा डबे आले. मंगळवारी दुर्गाबाईंनी दिलेल्या त्यातल्या कळशीभर पाण्यात मामीने तुरीची डाळ शिजवली. लोण्यासारखं वरण झालं. मामीने भातावर वाढलं, वर तूप घातलं आणि सवयीने विचारलं, "आवडलं का गं?"

रमाने घास घेतला आणि ती थांबली. दुसरा घास घेतला.

"मामी, वरणात मीठ कमी आहे."

गोपू खाता खाता म्हणाला, "बरोबर. खाऱ्या पाण्याचं माप तुझ्या हातात बसलंय, आई."

मामी मीठ आणायला आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.