फळीची पाचवी बाजू

त्या दिवशी बाबा छपरावर होते आणि मी नेहमीसारखी शिडी धरून खाली. आमच्या खोऱ्यात छपराच्या फळ्यांना खिळे मारत नाहीत. लार्च झाडाच्या फळ्या एकीवर एक रचतात आणि वर दगड ठेवतात. काही वर्षांनी दगड उतरवून फळ्या पालटायच्या: कधी खालची पाठ वर, कधी झाकलेलं टोक बाहेर. अशी एक फळी चार बाजूंनी पावसाला पुरते. आमच्या फळ्यांच्या चारही बाजू संपल्या होत्या. बोटाने दाबलं तरी भुगा पडायचा.

“बाबा, आता नव्या फोडायला हव्यात,” मी म्हटलं.

“अजून एक बाजू आहे.”

“कुठली? दाखवा बरं.”

“तू दगड दे, बुर्गी. बाकीचं माझ्यावर सोड.”

“मी वर येते. दोघं मिळून पटकन होईल.”

“छपरावर पोरींचं काय काम? शिडी धर नीट.”

मी पन्नाशीची पोर. शिडी धरली. संध्याकाळी त्यांनी बार्लीचं सूप खाल्लं, मीठ कमी आहे म्हणाले, आणि सकाळी उठले नाहीत.

दफनानंतर धाकटा भाऊ हार्टल स्वयंपाकघरात बसून म्हणाला, “पत्रा टाकू, ताई. शनिवारी माणसं येतील.”

“पत्रा नको. नव्या फळ्या मी घालते.”

“तू?” तो हसला. “जन्मभर शिडी धरलीस. वर काय असतं ते ठाऊक तरी आहे का तुला?”

“बाबांनी तुला पहिल्यांदा वर नेलं तेव्हा तू ओकलास, ते ठाऊक आहे. खाली मीच होते.”

तो गेला. दुसऱ्या सकाळी माळ्यावर कपडे वाळत घालताना ताज्या लार्चचा वास आला. राळेचा, किंचित गोड. बाहेर येऊन पाहिलं तर आढ्याजवळची ओळ पिवळीधमक. वरचे दगड जागच्या जागी होते, त्यांच्यावरचं शेवाळही. शिडी गोठ्यात आडवी पडलेली.

ऊन, ओल, न झालेली झोप, सगळी कारणं मी लावून पाहिली. पुढच्या सकाळी दुसरी ओळ पिवळी होती. मग तिसरी. छप्पर रचतात ते खालून वर. हे काम वरून खाली येत होतं.

हाताला लागेल इतकं खाली आलं तेव्हा मी शिडी लावून एक फळी ओढून काढली. कडेला बाबांच्या कुऱ्हाडीची जुनी खाच होती. म्हणजे फळी तीच. उलटून पाहिली: करडी. टोक फिरवून पाहिलं: करडं. पुन्हा होती तशी धरली. पिवळी, ओलसर, आत्ताच फोडल्यासारखी.

हार्टल आला तो अंगणातच थांबला.

“कोणाकडून करून घेतलंस?”

“कोणाकडूनही नाही.”

बराच वेळ तो वर बघत राहिला. “दगड बाबांसारखे ठेवलेत,” तो हळूच म्हणाला. “पत्रेवाल्यांना नको म्हणून कळवतो. चाललंय ते चालू दे, ताई. तू मध्ये पडू नकोस.”

कॉफी न घेताच त्याने गाडी वळवली.

मला भीती वाटायला हवी होती. राग आला. मेल्यावरही शिडी मीच धरायची?

आता फक्त वळचणीची ओळ उरली होती. बाबांनी हिवाळ्यात पाडलेला ओंडका मी गोठ्यातून ओढला आणि फळ्या फोडल्या. तळहात सोलले. दिवस मावळायच्या आत जुन्या काढून ती ओळ मी माझ्या हातांनी घातली, वर दगड ठेवले, शिडी आत नेली.

सकाळी माझ्या नव्या फळ्या भिंतीशी नीट रचून ठेवलेल्या होत्या. वळचणीला पुन्हा जुन्या करड्या फळ्या. आणि शिडी छपराला टेकवलेली. कोणी येऊन धरावी म्हणून.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. हात खिशात.

सगळ्यात वरची पायरी करकरली.

मग तिच्या खालची.

मग तिच्याही खालची.

माझ्या चेहऱ्यासमोरची पायरी मधोमध वाकली, आणि वाकलेलीच राहिली. राळेचा वास आला.

“बाबा,” मी म्हटलं, “हे छप्पर मला घालायचं होतं. नेहमीच. आता सरका. मी वर येतेय.”