पिठ्ठूतले फुटाणे

देवीलालभाऊ राठोडांना पितळी बिल्ला मिळवून द्यायचा, एवढ्या एकाच कामासाठी त्यांच्यासकट आम्ही तिघे डिसेंबरातल्या त्या पहाटे फुलसावंगीच्या मैदानावर पिठ्ठू बांधून उभे होतो.

पिठ्ठू म्हणजे फौजी लोकांची पाठीवरची पिशवी. माजी सैनिकांनी भरवलेला हा चाळीस किलोमीटरचा मार्च जवानांना खुला, तसाच आमच्यासारख्या साध्या माणसांनाही. तिघांच्या टोळीनं मिळून तीस किलो वजन न्यायचं. सुटताना आणि परतल्यावर ते काट्यावर तोललं जातं. सूर्य मावळायच्या आत तिघांनी सोबतच पोचायचं, तरच बिल्ला!

एकवीस वर्षांपूर्वी हाच मार्च आम्ही हरलो होतो. देवीलालभाऊ तेव्हा फौजेतून हवालदार म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते, मी वीस वर्षांचा होतो आणि तिसरा गडी माझा दोस्त उकंडा. काय दिवस होते ते! रेती कशाला वाहायची म्हणून आम्ही शहाण्यांनी पिठ्ठूत फुटाणे आणि गूळ भरला, वाटायला म्हणून थोडा जास्तीचाच. वाटेत कापूस वेचणाऱ्या बाया पाणी द्यायच्या, मग त्यांना मूठभर फुटाणे दिल्याशिवाय पाय कसा निघणार? शेवटी काट्यावर नऊशे ग्रॅम कमी भरले. वाटण्यातच गेले, असं सगळ्यांनी हसून मान्य केलं. खरं कारण मला ठाऊक होतं. घाटात माझे खांदे सोलून निघाले, तेव्हा एका पळसामागे जाऊन मी किलोभर फुटाणे गुपचूप ओतून दिले होते.

पुढं मार्च बंद पडला, तो यंदा पुन्हा सुरू झाला. भाऊंना फेब्रुवारीत साठ पूर्ण होणार आणि साठीनंतर पिठ्ठू बंद, असा नियम. त्यांच्या घरी पदकांची फ्रेम आहे. तिच्यात एक जागा अजून रिकामी. ती पाहिली की मला त्यांच्या घरचा चहा गोड लागायचा नाही.

उकंडाचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्यानं आपली पोरगी साधना पाठवली. पोलीस भरतीची तयारी करणारी, हरणाच्या पायांची. तिनं आणि भाऊंनी रेती भरली. मी मात्र घरच्या शेतातला कच्चा हरभरा भरला, दातही लागणार नाही असा. वर प्लास्टिकची पिशवी. आठवण म्हणून!

"इंदर, सुधारला नाही तू," देवीलालभाऊ हसले आणि सवयीप्रमाणे सगळ्यात मागं चालू लागले.

पहिले वीस किलोमीटर मजेत गेले. दुतर्फा तुरी उभ्या, सागाच्या पानांवर दव, आणि भाऊंच्या तोंडी त्याच जुन्या छावणीच्या गोष्टी. मग नाला आला. शेवाळलेल्या दगडावर माझा पाय सटकला. धपकन! पिठ्ठूसकट मी पाण्यात!

साधनानं हात देऊन ओढलं. उठलो तर पाठ जड. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी शिरलं होतं, आणि माझ्या हुशारीमुळे ते बाहेर यायला तयार नव्हतं.

"पिशवी फाडू का, काका?" साधनानं विचारलं.

"राहू दे. हरभरा सांडला म्हणजे?" मी घाईनं म्हणालो. या खेपेला एक दाणा जमिनीवर पडू द्यायचा नव्हता.

घाटाच्या तोंडाशी साधना एकदम थांबली. वीस पावलांवर बोरीखाली अस्वल! काळंभोर, केसाळ, पिकली बोरं हुंगत बसलेलं. त्यानं मान वर केली.

"हलू नका," भाऊ कुजबुजले. "पिठ्ठू उतरवू नका. श्वास बी हळू घ्या."

घाम डोळ्यांत उतरला. तो पुसायचीही सोय नव्हती! अर्धा तास ते जनावर निवांत बोरं खात राहिलं आणि मग उताराला लागलं.

आम्ही सुटलो, पण भाऊंचा गुडघा वजनाखाली उभ्या उभ्या आखडून गेला. घाट चढताना ते दोनदा बसले. मैदान पाच किलोमीटर, आणि सूर्य तुरीच्या शेंड्यांवर.

"तुम्ही दोघं जा," ते म्हणाले.

"तिघं सोबत!" मी त्यांचा पिठ्ठू ओढून छातीवर बांधला. पाठीवर भिजला हरभरा, पुढं रेती. खांदे तसेच सोलून निघाले, त्याच घाटात. आणि मग मला राहवलं नाही. "भाऊ, तेव्हाचे फुटाणे मी ओतले होते. पळसामागं. तुमचा बिल्ला माझ्यामुळं गेला."

"माहीत हाय मले."

"काय?"

"तुह्या मागूनच चालत होतो ना मी. लघवीले गेलो त्याच पळसामागं. ओंजळभर वेचून माह्या पिठ्ठूत टाकले, पुरले नाही. बाकीच्याइले मुंग्या लागल्या होत्या."

"मग बोलले काहून नाही तेव्हा?"

"वीस वर्षांचा पोट्टा तू. लोकाइसमोर नाव घेतलं असतं, तर पुन्हा कधी पिठ्ठूले हात लावला असता काय? चाल आता. बायाँ, दायाँ, बायाँ!"

मला रडू कोसळलं. पण रडायला वेळ नव्हता. साधनानं भाऊंचा हात खांद्यावर घेतला. बायाँ! दायाँ! पोटऱ्या पेटल्या, श्वास तुटू लागला. मैदानातली माणसं ओरडत होती. सूर्याची शेवटची कोर उरली असताना आम्ही तिघांनी एकदम चुन्याची रेघ ओलांडली!

काट्यावर पिठ्ठू चढले. बत्तीस किलो चारशे ग्रॅम.

"जास्तीचं कुठून आणलं?" तोलणारा चक्रावला.

"असू द्या," भाऊ म्हणाले.

त्यांच्या छातीवर बिल्ला लागला, पण त्यांनी खाली मान घालून तो पाहिलाही नाही. दुखऱ्या गुडघ्यानं ते वाकले, माझा पिठ्ठू उघडला आणि पाणी पिऊन टम्म फुगलेला हरभरा मूठभर काढून माझ्या हातावर ठेवला.

"तोलून झालं इंदर," ते म्हणाले. "आता खा."