आबांचा ठेका आणि गाडीचं कुलूप

आबांच्या जुन्या गाडीचं दार रिमोटनं उघडेना. बटण दाबलं की रिमोटवरचा लाल दिवा लुकलुकायचा, पण गाडी ढिम्म! किल्ली घालून दार उघडलं, तर चोर आल्यासारखा भोंगा सुरू व्हायचा आणि इंजिन बंद राहायचं.

आज अनंत चतुर्दशी. सांगलीत आता बहुतेक गाड्या चालकाशिवाय धावत. मुक्ताच्या घरचा गणपती मात्र दरवर्षी आबांच्या गाडीतूनच कृष्णेच्या घाटावर जायचा. यंदा बाबांनी बजावलं होतं, "आज ती चालली नाही, तर उद्या भंगारात."

"सेल नवा घातला," घरचा यंत्रमानव खुटखुट म्हणाला. "रेडिओलहरीही (हवेतून जाणारा, न दिसणारा निरोप) निघताहेत."

"मग गाडी ऐकत का नाही?" मुक्तानं विचारलं.

मुक्ताचे आजोबा, म्हणजे आबा, पूर्वी इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. ते म्हणाले, "समज, रिमोटकडे आणि गाडीकडे रंगीत मण्यांची एकसारखी माळ आहे. बटण दाबलं की रिमोट एक मणी पुढे सरकतो आणि त्याचा रंग सांगतो. गाडी आपल्या माळेत पाहते. रंग जुळला, तर दार उघडतं. याला बदलता संकेत (दर वेळी नवा होणारा गुप्त आकडा) म्हणतात."

"रोज तोच रंग का नाही?"

"चोरानं तो ऐकून ठेवला असता! वापरलेला मणी गाडी पुन्हा मानत नाही."

"आणि बटण चुकून घरातच दाबलं गेलं तर?"

"गाडी पुढचे काही मणी तपासते. पण रिमोट फारच पुढे गेला, तर ओळखत नाही. एवढं कोण दाबत बसणार?"

तेवढ्यात आईनं हाक मारली. निघण्याआधीची आरती सुरू झाली. यंदा झांजा मुलांकडे होत्या, म्हणून आबा रोजच्यासारखा रिमोट अडकवलेल्या किल्लीच्या जुडग्यानं तळहातावर ठेका धरू लागले. मुक्ताचं लक्ष गेलं. प्रत्येक ठेक्याला रिमोटचं बटण तळहातावर दाबलं जाऊन लाल दिवा लुकलुकत होता!

"आबा, थांबा! तुम्हीच मणी ओढताय! रोज दोन वेळा, सगळ्या आरत्यांना! आणि गाडी नऊ मजले खाली!"

आबांनी हातातल्या रिमोटकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! चोर घरातच निघाला की!"

आरती संपताच सगळे खाली धावले. मुक्तानं किल्लीनं दार उघडलं. भोंगा कोकलू लागला.

"कानात बोटं घाला!" खुटखुट ओरडला.

"तुला कान आहेत कुठे?" मुक्ता हसली.

आबांच्या सांगण्याप्रमाणे तिनं किल्ली फिरवली आणि रिमोटचं बटण दाबून धरलं. खरी किल्ली आत असताना रिमोट कोणत्या मण्यावर आहे, हे गाडी नव्यानं शिकून घेते.

भोंगा गप्प झाला. मुक्तानं बाहेर येऊन दार लावलं, श्वास रोखला आणि बटण दाबलं.

खट्! चारही कुलपं एकदम उघडली. आबांनी इंजिन सुरू केलं.

"मंगळावर वस्ती झाली, की तिथल्या दारांनाही असे मणी लागतील ना?" मुक्तानं विचारलं.

"लागतील. पण इथून तिथे निरोप पोचायलाच कितीतरी मिनिटं लागतात. त्यावर उपाय तू शोध."

गणपती मांडीवर घेऊन बाबा मागच्या सीटवर बसले. गाडी फाटकाबाहेर पडली, तसे ते हळूच म्हणाले, "आबा, पुढच्या वर्षीही हिच्यातूनच जाऊ या."