डोळ्यांचं निमित्त

“थांब… चमचा खाली ठेव आधी. तिच्या तोंडाला लावू नकोस तो.”

बोलून गेले आणि कंपाउंडरकाकांच्या काळजात चर्र झालं. चार वर्षं जिवापाड जपलेलं गुपित आता एका वाक्यापायी उघडं पडणार, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. पण कळलं म्हणून काय… समोर तापाने फणफणलेली पाच वर्षांची नात चिमणी बापाच्या मांडीवर आ वासून बसलेली, तिथे गप्प राहायला माणूस दगडाचाच हवा!

“बाबा, तुम्ही यात पडू नका,” मुलगा मान वर न करता म्हणाला. “औषधांच्या बाबतीत तरी आम्हाला शहाणपण शिकवू नका.”

“शिकवत नाही रे. ती थेंबांची बाटली आहे, तान्ह्या बाळांची. चमच्याने द्यायचं औषध वेगळं. हे चौपट कडक असतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय बघ.”

मुलाने बाटली खिडकीशी नेली, डोळे बारीक करून वाचली, आणि चमचा मुकाट्याने मोरीत रिकामा करून आला. चिमणीला त्याने पलंगावर निजवलं. मग तो बापाच्या खुर्चीसमोर येऊन उभा राहिला.

“मला खिडकीशी जावं लागलं. तुम्ही खुर्चीतून वाचलंत. तुम्हाला तर दिसत नाही ना, बाबा?”

 ‘मला दिसत नाही’ या एका वाक्यावर तर काकांची चार वर्षं गेली होती.

छत्तीस वर्षं ते धर्मादाय दवाखान्यात कंपाउंडर. अख्खी गल्ली त्यांना कंपाउंडरकाकाच म्हणायची. निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसेनात. एखाद्या घरातलं माणूस बरं झालं किंवा गेलं, की त्याच्या उशाशी उरलेल्या गोळ्या ते मागून आणायचे, दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या लाकडी कपाटात लावून ठेवायचे, आणि ज्यांना विकत घेणं झेपत नाही त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी पाहून द्यायचे. मुदत उलटलेलं पाकीट बाद. पाकीट कापताना ज्याच्यावरचा गोळीच्या ताकदीचा आकडा गेला तो तुकडाही बाद, मग आतल्या गोळ्या कितीही ताज्या असोत. लोक हळहळायचे, पण काका ऐकायचे नाहीत.

आणि एकदा ते स्वतःच आजारी पडले. सून तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, चिमणी जेमतेम वर्षाची. “बाबा, आजचा दिवस मी बसते कपाटाशी,” म्हणाली, आणि किती हौसेने गेली ती पोर! रांग मोठी, घरी लेकरू रडत असणार… बाद डब्यातले ते आकडा गेलेले तुकडे तिला टाकवेनात. रंग तोच, नाव तेच. तिने रक्तदाबाच्या गोळ्यांचे दोन तुकडे एका इस्त्रीवाल्या बाईला दिले. गोळ्या निघाल्या दहापट ताकदीच्या. दुसऱ्या दिवशी ती बाई काम करता करता कोसळली, आणि तापलेली इस्त्री तिच्या उजव्या हातावर पडली. जीव वाचला, पण बोटं कायमची आखडली.

सुनेने त्या संध्याकाळी काकांचे पाय धरले होते. चौकशी झाली असती तर तिचं शिक्षण तिथेच संपलं असतं… आणि नवरा असा तापट, की ज्याने हे केलं त्याला तुरुंगात टाका म्हणून घरभर ओरडत होता! काका तापातच उठले, दवाखान्यात गेले, आणि म्हणाले, “मीच दिल्या. डोळ्यांनी दगा दिला.” डॉक्टरांनी कपाटाला कुलूप घातलं. त्या दिवसापासून काकांनी घरात वर्तमानपत्र हातात धरलं नाही. आणि ज्या माणसाने छत्तीस वर्षं गावाला औषधं दिली, त्याच्या स्वतःच्या दोन गोळ्या सून रोज बशीत मोजून ठेवायची आणि मुलगा समोर उभा राहून गिळायला लावायचा. चिमणीला तर सांगूनच ठेवलेलं… आजोबांच्या हातून काही खायचं नाही.

दार वाजलं. सून ड्युटीवरून आली होती, अंगावर पांढरा गणवेश तसाच. नवऱ्याच्या हातातली बाटली तिने पाहिली, सासऱ्यांचा उतरलेला चेहरा पाहिला, आणि खांद्यावरची पिशवी गळून पडली.

“चिमणीला काय दिलंत?”

“काही नाही. बाबांनी अडवलं. बारीक अक्षरं वाचून अडवलं.”

“वाचलं नाही रे, अंदाजाने बोललो,” काका घाईघाईने म्हणाले. “तू हातपाय धू, पोरी. चहा टाक.”

“नको, बाबा.” सून भिंतीला टेकून खाली बसली. “आता नाही हो सोसवत… अहो, बाबांचे डोळे तेव्हाही चांगले होते. त्या गोळ्या मी दिल्या होत्या. मला वाचवायला यांनी सगळं अंगावर घेतलं, आणि मी घेऊ दिलं. पास झाले, नोकरी लागली, रोज यांच्या गोळ्या मोजत राहिले… आणि गप्प बसले.”

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. तो बायकोकडे वळला तसे काका काठी टेकत मध्ये आले.

“तिला एक शब्द बोलायचा नाही.”

“मग कोणाला बोलू, बाबा? चार वर्षं मी तुम्हाला… माझ्या पोरीला तुमच्या हातचं खाऊ दिलं नाही मी…”  बापाच्या पायांवर डोकं ठेवून तो लहान मुलासारखा हमसून हमसून रडू लागला. “मला माफ करा.”

काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पण मनात साठलेलं कडू पाणी ओठांवर आलंच.

“माफ केलं रे. तिचं गुपित मीच ठेवलं, त्याचा राग नाही. पण तू एकदा तरी विचारायचं होतंस… ‘बाबा, तुमच्या हातून असं होईल कसं?’ मी खोटंच सांगितलं असतं. पण तू विचारायला हवं होतंस.”



दुसऱ्या दिवशी सून आधी इस्त्रीवाल्या बाईकडे गेली. त्या बाईने सगळं ऐकून घेतलं, आणि डाव्या हाताने इस्त्री करत राहिली. मग सून दवाखान्यात गेली.  तिच्या हॉस्पिटलला कळवावं लागेल, एवढं डॉक्टर म्हणाले, आणि कपाटाची किल्ली पुढे सरकवली.

काका कपाटासमोर उभे राहिले. दार उघडताच त्यांच्या लक्षात आलं. चार वर्षं या गोळ्यांना कुणी हात लावला नव्हता. सून एकेक पाकीट उचलून तारीख वाचू लागली, काका प्रत्येक तारखेला एकच शब्द बोलत होते, “टाक.” साखरेच्या, दम्याच्या, फिट्सच्या… हृदयाच्या एकाच गोळ्यांची बारा अखंड पाकिटं. “टाक.” फळ्या रिकाम्या झाल्या, पोतं भरलं.

व्हरांड्यात एक गवंडी येऊन उभा राहिला, हातापायांना सिमेंट तसंच.

“काका, उघडलंत होय कपाट? बरं झालं. मला काही नको. बायको गेली गेल्या महिन्यात. हृदयाचं दुखणं. पूर्वी इथूनच न्यायची ती. कपाट बंद झालं, मग विकतच्या… एक दिवस घ्यायची, दोन दिवस नाही. या चार उरल्यात. कुणाच्या कामी येतील म्हणून आणल्या.”

काकांनी तुकडा हातात घेतला. नाव वाचलं. तीच गोळी… ती बारा पाकिटं वर्षभरापूर्वीपर्यंत चांगली होती! सुनेचं शिक्षण वाचलं, संसार वाचला, आणि त्या खोट्याची किंमत या गवंड्याच्या बायकोने, न विचारता, न कळता चुकवली. आपण त्याग केला असं इतकी वर्षं मनाशी धरून बसलो होतो… कुणाच्या जिवावर?

सुनेनेही नाव वाचलं होतं. तिने पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी आवळून धरलं, गवंड्याला आतलं दिसू नये म्हणून.

“चालतील ना, काका?” गवंड्याने विचारलं.

“चालतील,” काका म्हणाले.  “तारीख आहे अजून.” आणि त्या चार गोळ्या त्यांनी रिकाम्या फळीवर ठेवल्या.