लाल दोऱ्याचं टोक

"सून मुकी, अन् हिचा पाय लागल्यापासून थेटरबी मुकं," चुलीपाशी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सासऱ्यांना, मामांना, हळूच म्हणाल्या. "सांजच्याला धर्मसिंग सौद्याला हिंगोलीहून येऊन राहिला ना? त्याला मशीन देऊन टाका."

मी भिंतीआड तूर निवडत होते; मुकी नव्हे, फक्त कमी बोलणारी. आत्याबाईंचं 'हळू' म्हणजे सेनगावच्या मोटार स्टँडापर्यंत.

थेटर म्हणजे आमच्या घरामागची कापसाची कोठी. धोतराचा पडदा, सिनेमाचं जुनं मशीन, अँप्लीफायर, कर्णा. थोरले दीर जळबाभाऊजी ते चालवत. माझ्या लग्नाआधीच ते तापानं गेले. त्यांचा चेहराही मी पाहिला नव्हता. काम पटलं नाही की जिभेनं 'च्च' करायचे, एवढं ऐकून होते. मग मी सून होऊन आले, आणि उंदरांनी मशीनपासून अँप्लीफायरपर्यंतची वायर कुरतडली. चित्र हले, आवाज नाही. उंदरांच्या दातांना कोणी बोललं नाही; माझ्या पायगुणाला बोलले.

माझे वडील रेडिओ दुरुस्त करत. कथलाचा डाग देऊन तारा जोडायला मी परकरी वयात शिकले होते. दुपारी घर निजलं, तशी कोठीत शिरले.

आत सरकीचा कोंदट वास. बाहेर होला घुमत होता, तोही थांबला. भाऊजींच्या पेटीत नव्या वायरीचं भेंडोळं सापडलं: मधे तार, तिच्याभोवती तांब्याची जाळी. दोन्ही टोकांना तार जोडली, जाळीही जोडली. बटण दाबलं.

कर्ण्यातून घरघर आली. हूंऽऽऽ...

त्या घरघरीत कोणीतरी म्हणालं, "च्च."

मी बटण बंद केलं. घरघर थांबली.

"च्च..." आता माझ्या खांद्याजवळून.

पाय दाराकडे वळले होते. पण पळाले असते, तर मशीन गेलं असतं आणि पायगुण जन्मभर राहिला असता. मान न वळवता मी कुरतडलेली जुनी वायर उचलली. तिच्या एका टोकाला लाल दोरा होता. त्याच टोकाची जाळी मागे कापून मोकळी सोडलेली...

असं होय! जाळी एकाच बाजूला जोडायची; दोन्हीकडे जोडली म्हणून घरघर.

नव्या वायरीची एका टोकाची जाळी मी कापली. या वेळी कोणी 'च्च' केलं नाही. फक्त कुणीतरी लांब श्वास सोडला.

बटण दाबलं. रीळ फिरलं. पडद्यावरची बाई खळखळून हसली, आणि ते हसू कर्ण्यातून सगळ्या गल्लीत गेलं.

घर धावत आलं. पदर सावरत आत्याबाई, मागोमाग मामा. सांजेला धर्मसिंगही पोचला, तो सौदा विसरून पोत्यावर बसला आणि सिनेमा बघू लागला.

"कोनं केलं गं?" आत्याबाईंचा आवाज खरंच हळू झाला होता.

मामांनी नवी वायर हातात घेतली. त्यांची बोटं एका टोकाशी थांबली. "पोरी... ही गाठ जळबाची हाय. तुला कोनं शिकवली?"

मी पाहिलं. कापलेल्या टोकाला कोरा लाल दोरा.

"मशीन इकायचं न्हाई, मामा," मी म्हणाले. "वायर मी केली. दोरा मी न्हाई बांधला."