रस्त्यावर यिडिश नको

त्रेचाळीस सालच्या नोव्हेंबरातली दुपार. हातात पिशवी, पिशवीत बटाटे आणि बटाट्यांखाली पिस्तूल. पॅरिसवर तेव्हा जर्मनांचा अंमल होता आणि आम्ही बाहेरून आलेली फाटकी माणसं त्यांच्या अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडत होतो. मी हत्यार पोचवायची, झाडायचा झेलिक. तो पोलंडमधल्या आमच्याच गल्लीतला, इथं कोट शिवून पोट भरणारा.

आमचे नियम दोनच. ठरल्या जागी पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही. आणि रस्त्यावर यिडिश, म्हणजे आम्हा ज्यूंची घरची बोली, चुकूनही बोलायची नाही. ती कुणाच्या कानावर पडली की गाडीत कोंबलंच म्हणून समजा.

धुकं असं दाट की समोरच्या चर्चचं दारही दिसेना. ओल्या कोळशाचा वास नाकात बसला होता. दोन पावलांवर एक पोलीस सिगारेट पेटवत होता. चौथ्या मिनिटाला झेलिक आला. त्या थंडीत अंगावर नुसता सदरा.

"फ्रायदा, घरी जाऊ नकोस," तो म्हणाला. यिडिशमध्ये, तेही खणखणीत आवाजात!

"गप्प बस, मूर्खा," मी फ्रेंचमध्ये पुटपुटले.

"तुमच्या खोलीत पोलीस बसलेत..."

"आणि आई?"

"तिचं मी बघतो..."

तेवढ्यात पोलिसानं मान वर केली. "बाई, कुणाशी बोलताय?"

मी वळून पाहिलं. शेजारी कुणी नव्हतं.

"स्वतःशीच... बटाटे सडके निघाले."

तो हसला. मी पाय ओढत आमच्या गटातल्या अरशामकडे गेले. हा आर्मेनियन चांभार, तोंडाचा फटकळ, पण त्या दिवशी त्यानं आधी दाराला कडी घातली.

"झेलिकला काल संध्याकाळी धरायला आले, पोरी. त्यानं खिडकीतून उडी टाकली... पहाटे संपला. पोलिसांना त्याच्या खोलीत तुझ्या आईचा कोट सापडला, दुरुस्तीला दिलेला. शिंप्याची खोड! वर पत्त्याची चिठ्ठी टाचलेली."

मी घरी गेले नाही. आईला पोलिसांच्या तोंडी देऊन मी तळघरात लपले, याची लाज मला आजही वाटते.

पुढच्या ऑगस्टमध्ये शहर जर्मनांच्या हातून सुटलं, तेव्हा आमच्या चाळीच्या दारावर बसणाऱ्या मादाम रुस्लोकडे धावत गेले.

"आईला कुठं नेलं?"

"मला विचारतेस?" ती फणकारली. "तूच नाही का आलीस त्या दुपारी तिला न्यायला? आवारात उभी राहून तुमच्या त्या बोलीत केवढ्यानं हाक मारलीस. माझा तर जीवच गेला! वर तीन पोलीस... पण एकानंही ढुंकून पाहिलं नाही. म्हातारी त्यांच्यामधून खाली आली आणि तुझा हात धरून गेली."

"मादाम, मी आले नव्हते..."

"उगाच काहीतरी! तुला मी ओळखत नाही? त्या थंडीत अंगावर नुसता सदरा होता तुझ्या."

पकडलेल्यांच्या, मेलेल्यांच्या, परतलेल्यांच्या सगळ्या याद्या मी पाहिल्या. आईचं नाव एकीतही नाही.