ठसा जुळला तेव्हा

"हात सैल सोडा," कल्पिता म्हणाली.

"सैलच आहे मॅडम. तुम्हीच घट्ट धरलाय."

तिचे कान तापले. पोलिसांसाठी बोटांचे ठसे घेणं, जुळवणं हे तिचं रोजचं काम. पण मशीनच्या काचेवर बोट टेकवताना असं कुणी डोळ्यांत बघून बोललं नव्हतं. फ्रँकलिन शीळफाट्याला गावच्या जमिनीसाठी रस्ता अडवणाऱ्यांतला. सगळ्यांनाच पकडून ठाण्याला आणलेलं. त्याच्या उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा आडवा व्रण होता.

"वेल्डिंग करतो. खिडक्यांच्या ग्रिल बसवतो," तो म्हणाला. "तुमच्याकडे लागली तर…"

"आमच्याकडे आहे ग्रिल."

"मग येऊन तोडू का?"

ती हसली — आणि तिथेच फसली.

सुटल्यावर तो बाहेर तिची वाट बघत थांबलेला. मग रोजच थांबू लागला. तलावपाळीला एका छत्रीत दोघं फिरायची. छत्री सगळी तिच्याकडे, त्याची एक बाही कायम ओली. "सर्दी होईल रे," ती म्हणायची. "होऊ दे ना… तू काढा घेऊन येशील," तो म्हणायचा.

श्रावणात मानपाड्याला एक घर फोडलं. एकट्या राहणाऱ्या गोदूबाईंना चोरांनी मारून बेशुद्ध टाकलं होतं. खिडकीच्या चौकटीवर एक ठसा मिळाला. मशीनने जुळणारी नावं दाखवली — पहिलंच फ्रँकलिनचं.

मशीन चुकतं कधीकधी. कल्पिताने भिंग घेतलं. न जुळण्यासारखं काहीतरी सापडावं म्हणून एकेक रेघ बघितली. आडवा व्रणसुद्धा जागच्या जागी होता.

ती साहेबांकडे गेली. "सर, मी याला ओळखते… जवळून."

साहेबांनी स्वतः तपासलं आणि सही केली. "त्याच्याशी बोलू नकोस," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी त्याचा फोन आला. ती वाजणाऱ्या फोनकडे बघत बसली. उचलला नाही. सकाळी त्याला उचलून नेलं.

गोदूबाई शुद्धीवर आल्या तेव्हा उलगडा झाला. मारणारे वेगळेच होते. हा पोरगा तर महिन्यापूर्वी ग्रिल बसवून गेलेला. त्यांनी त्याला घावनसुद्धा खाऊ घातले होते.

फ्रँकलिन सुटला. तलावपाळीला भेटला तेव्हा कोठडीत मोडलेल्या डाव्या हाताला प्लास्टर होतं.

"ठसा माझाच होता," तो म्हणाला. "तू खोटं काही केलं नाहीस."

"फोन उचलायची परवानगी नव्हती…"

"कळतं गं ते. नोकरी आहे तुझी," तो म्हणाला. "एकच सांग. मी त्या म्हातारीवर हात उचलला असेल — असं वाटलं तुला?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. त्यालाही तेच ऐकायचं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्या संध्याकाळी फोन वाजत असताना ती नियमामुळे थांबली नव्हती. तिला त्याच्या आवाजाची भीती वाटली होती.

"हो," ती म्हणाली. "त्या संध्याकाळी… वाटलं."

त्याने मान हलवली.

"मम्मी रविवारी तुला जेवायला बोलावणार होती," तो म्हणाला. "मी सांगतो तिला — तुला जमणार नाही."

"फ्रँकी…"

"घरी जा. भिजशील."

तो रस्ता ओलांडून गेला. ती पावसात उभी राहिली.